सुट्टी तीन आठवड्यांची, गाडी दहा आठवडे उभी

भारतात जायचे ठरले की आमच्या घरी कपाटातून एक निळी वही निघते. १९९१ सालापासूनची आहे. घर बंद करून जाताना काय काय करायचे, ते तिच्यात लिहिलेले असते: पाण्याचा मुख्य नळ बंद, थर्मोस्टॅट ५५ अंशांवर, ९० दिवसांची औषधे, तुळस शेजारी. यातली प्रत्येक ओळ काहीतरी फटका खाऊन लिहिलेली आहे. थर्मोस्टॅटची ओळ १९९६ च्या जानेवारीत तळघरातला पाइप फुटला, त्यानंतरची. मी ३० वर्षे हिशेबनीस म्हणून नोकरी केली, त्यामुळे टिपून ठेवणे हा स्वभावच झाला आहे. २०२५ साली या वहीत एक ओळ नव्याने आली. ती कशी आली, ते सांगण्यासाठी हा लेख.

आत्ताच सांगण्याचे कारण असे. विजेच्या नव्या गाडीवरची ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. त्याआधी अनेकांनी घाईघाईने गाड्या घेतल्या. पुढच्याच आठवड्यात कोजागिरी होती, तेव्हा शाळेच्या पार्किंगमध्ये तात्पुरत्या कागदी पाट्या लावलेल्या कितीतरी गाड्या उभ्या दिसल्या. दुधाचा पेला हातात असताना तिघांनी तरी मला एकच प्रश्न विचारला: "आम्ही महिनाभर भारतात जातोय, घरी चार्जर नाही. गाडी तशीच सोडून गेलं तर चालेल ना?"

चालते. पण मी ज्या पद्धतीने सोडून गेले, त्या पद्धतीने नाही.

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात आमचे छोटे टाउनहाउस आहे. मुले बाहेर पडली, तेव्हा मोठे घर विकून आम्ही इथे आलो. गॅरेज नाही, उघड्यावरचे सामायिक पार्किंग आहे. तिथे सगळ्यांत मिळून दोन चार्जर. गाडी भरली की वायर काढून जागा मोकळी करायची, नाहीतर तासाला दंड. त्यामुळे चार्जरला लावून परदेशी जाण्याचा प्रश्नच नव्हता. १२ डिसेंबर २०२४ ला दुपारी मी गाडी ८२ टक्क्यांपर्यंत भरून आमच्या जागेवर आणून लावली. उघड्यावर राहणार, म्हणून कॅमेऱ्यांचा पहारा चालू ठेवला. गाडीजवळ कोणी आले की ती चित्रण करते, फोनवर कळवते. मला फार शहाणपणा केल्यासारखे वाटले. तिकीट परतीचे होते, ४ जानेवारीचे. भाचीचे लग्न, चार दिवस कोकण, थोडी खरेदी, असा साधा बेत.

१५ तारखेला पुण्यात फोन उघडला तर ६१ टक्के. थंडीने असेल म्हणून सोडून दिले. १७ ला ४४. आता मात्र पोटात गोळा आला. लग्नघरात माझ्या चुलतबहिणीचा मुलगा होता, तोही अमेरिकेतच विजेची गाडी चालवतो. तो मेंदीच्या गडबडीत हसत म्हणाला, "मावशी, पहारेकऱ्याला पगार द्यावा लागतो!" आणि त्याने माझ्याच फोनवरून पहारा बंद केला.

त्याने नंतर हिशेब समजावून सांगितला, तो माझ्या वहीत आहे. पहारा चालू असला की गाडीतले संगणक आणि कॅमेरे रात्रंदिवस जागे राहतात. त्याला साधारण २०० ते ३०० वॅट लागतात. २५० धरले तर २४ तासांत ६ युनिट झाले. आमच्या गाडीच्या बॅटरीत सुमारे ७५ युनिट मावतात. म्हणजे रोजचे ८ टक्के. पैशांत पाहिले तर युनिटला १७ सेंट दराने दिवसाला एक डॉलर. एक डॉलरने कोणी बुडत नाही. पण उभ्या गाडीत तो डॉलर भरणारे कोणी नसते, आणि १० दिवसांत टाकी रिकामी होते.

बॅटरीचे स्वतःचे असे काही फारसे गळत नाही. लिथियम बॅटरी नुसती ठेवली तर महिन्याला एक-दोन टक्क्यांनी उतरते. जाते ते सगळे गाडी जागी राहिल्यामुळे. टेस्लाची पुस्तिका उभ्या गाडीला दिवसाला साधारण १ टक्का धरायला सांगते. ही सावधपणे सांगितलेली संख्या आहे. गाडीला खरोखर शांतपणे झोपू दिले तर बऱ्याच गाड्या यापेक्षा पुष्कळ कमी खातात. पहारा बंद केल्यावर १७ ते २९ डिसेंबर या १२ दिवसांत आमची गाडी ४४ वरून ३८ वर आली. दिवसाला अर्धा टक्का. या चालीने ती आणखी दोन महिने सहज तगली असती.

२९ डिसेंबरला पहाटे बाबा न्हाणीघरात पडले.

वय ८८. खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया, मग अतिदक्षता विभाग, मग छातीत कफ, मग पुन्हा अतिदक्षता. वाचकांपैकी ज्यांचे आईवडील तिकडे आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. ४ तारखेची तिकिटे आधी १८ ला ढकलली, नंतर "उघडी" ठेवली. पोस्ट खात्याला टपाल थांबवायला सांगितले होते, त्याची मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते, ती संपली. शेजारच्या बाईंकडे घराची चावी होती. त्या टपाल आत टाकत होत्या आणि तुळशीला पाणी घालत होत्या.

आणि मी रुग्णालयाच्या बाकावर बसून गाडी बघत होते. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. डॉक्टरांची वाट बघत चार तास बसायचे. हातात फोन. तिकडे शिकागोत रात्र. बोटाने चिन्ह दाबले की थोडे थांबून गाडीचे छोटे चित्र यायचे, खाली आकडा, बाहेरचे तापमान. आपले घर, आपली जागा, आपली गाडी तिथे आहे, एवढे त्यातून कळायचे. दिवसातून १०-१२ वेळा तरी मी ते चित्र बघितले असेल. आमचे हे म्हणायचे, "अगं, ती कुठे पळून जाणार आहे?"

पळून जात नव्हती, पण जागी होत होती. आमच्या गाडीचे ॲप उघडले की ते गाडीला झोपेतून उठवते आणि ताजा आकडा विचारते. उठलेली गाडी लगेच झोपत नाही, चांगली १५ मिनिटे, कधी त्याहून जास्त वेळ जागी राहते. १२ वेळा उठवले तर तीन तास झाले. तीन तास २०० वॅटने म्हणजे ०.६ युनिट, जवळजवळ पाऊण टक्का. आधीचा अर्धा टक्का त्यात मिळवा. २९ डिसेंबरला ३८ असलेली गाडी २२ जानेवारीला ९ टक्क्यांवर आली, दिवसाला जवळजवळ सव्वा टक्का. हा हिशेब अर्थात मी परत आल्यावर मांडला. त्या वेळी मी एवढेच बघत होते की आकडा घसरतो आहे, आणि आकडा घसरतो आहे म्हणून आणखी वेळा बघत होते. (सगळी ॲप अशी नसतात. काही गाड्या शेवटचा साठवलेला आकडाच दाखवतात आणि उठत नाहीत. आपली कोणत्या जातीची आहे, ते विचारून घ्यावे.)

१० जानेवारीच्या सुमारास गाडीत २० टक्क्यांहून जास्त वीज होती. तेव्हा शेजारच्या बाईंना एक फोन केला असता तर काम झाले असते. त्यांच्याकडे घराची चावी, आमच्या ड्रॉवरमध्ये गाडीची दुसरी चावी, चार्जर ६० फुटांवर. मी फोन केला नाही. त्या ७१ वर्षांच्या, बाहेर बर्फ, आधीच आपले टपाल उचलतात, आणखी किती सांगायचे? आपल्या लोकांना हा संकोच फार. नंतर त्यांना कळले तेव्हा त्या माझ्यावर खऱ्याखुऱ्या रागावल्या. तीस पावले गाडी नेण्याइतकीही आपण उपयोगाच्या नाही का, असे त्यांनी विचारले.

२७ जानेवारीला ५ टक्के दिसले. त्यानंतर गाडीने उत्तर देणे बंद केले.

बाबा घरी आले, वॉकर धरून चार पावले टाकू लागले, आणि आम्ही १९ फेब्रुवारीला शिकागोला उतरलो. गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली तापमान, रात्रीचे ११. टॅक्सीने घरी. सकाळी मी गाडीपाशी गेले तर दाराची मूठ बाहेर येईना, दिवा नाही, आवाज नाही. चावीच्या आत लपवलेली लोखंडी चावी असते, ती काढली, तर कुलपात बर्फ.

इथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे, कारण पुष्कळ लोकांना, माझ्यासकट, हे माहीत नसते. विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक खालची मोठी, शेकडो व्होल्टची, जी चाके फिरवते. दुसरी लहान, बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टची, पेट्रोलच्या गाडीत असते तशीच. दारे, दिवे, पडदा, संगणक, सगळे या लहान बॅटरीवर चालते. एवढेच नव्हे, तर मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे जे जाड स्विच असतात, ते ओढण्याची शक्तीही हीच देते. लहान बॅटरी मेली की मोठीत कितीही वीज असली तरी ती बाहेर येऊ शकत नाही. गाडी उभी असताना मोठी बॅटरी अधूनमधून लहानीला पाजत असते. पण मोठीच तळाला गेली की ती हे पाजणे थांबवते, आणि मग लहान आपली आपण संपते. थंडीत आणखी लवकर. आमची लहान बॅटरी शिशाची होती आणि चार वर्षांची. अनेक नव्या गाड्यांत तीही लिथियमची असते, ती जास्त तग धरते. पण मोठी तळाला गेल्यावर तिलाही कोणी पाजत नाही.

रस्त्यावर मदत देणारा माणूस तीन तासांनी आला. त्याने केस वाळवायच्या यंत्राने कुलूप वितळवले, बॉनेट उघडले, लहान बॅटरीला बाहेरून वीज दिली. पडदा उजळला. मोठ्या बॅटरीत २ टक्के होते. ६० फूट गाडी चार्जरपर्यंत नेली, तर पहिला तासभर आकडा हलेचना. गोठलेली लिथियम बॅटरी तशीच भरली तर बिघडते, म्हणून गाडी आधी येणारी वीज स्वतःला ऊब आणण्यात घालवते. पुढे सगळे सुरळीत झाले. मोठ्या बॅटरीला इजा झाली नव्हती. पडद्यावर शून्य दिसले तरी खाली थोडा साठा कंपन्या राखून ठेवतात, त्याने वाचवले.

खर्च वहीत असा आहे: नवी लहान बॅटरी बसवण्यासह २४० डॉलर, चार दिवसांच्या टॅक्सी १७० डॉलर, मदतनिसाला चहा आणि बेसनाचे दोन लाडू. थोडक्यात सुटलो. आणखी महिनाभर राहिलो असतो तर काय झाले असते, याचा विचार मी करत नाही. मोठी बॅटरी खरोखर संपून तशीच पडून राहिली तर ती कायमची खराब होऊ शकते, आणि असे नुकसान वॉरंटीत धरले जाईलच असे नाही. निसान लीफच्या पुस्तिकेत तर स्पष्टच बजावले आहे, की काटा शून्याच्या जवळ असताना गाडी १४ दिवसांपेक्षा जास्त सोडू नका. ८ वर्षांची, लाख मैलांची वॉरंटी ऐकून आपण निर्धास्त होतो. बारीक अक्षरे वाचणे हा माझा धंदा होता, तरी मी ती वाचली नव्हती.

कोजागिरीला विचारणाऱ्यांना मी जे सांगितले, ते असे. घरी स्वतःचा चार्जर असेल तर गाडी लावून जा, ५०-६० टक्क्यांची मर्यादा घालून. बहुतेक कंपन्या हेच सांगतात. गाडीला लागेल तेव्हा ती चमचाभर घेते. "आग लागेल" म्हणून वायर काढून जाणारे मला भेटले आहेत. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. २०२१ साली शेव्हरोले बोल्टच्या बॅटऱ्यांत दोष सापडला, तेव्हा खुद्द कंपनीनेच मालकांना गाड्या बाहेर लावा आणि रात्रभर चार्जरवर ठेवू नका असे सांगितले होते. पण त्यावर उपाय म्हणजे आपल्या गाडीचा १७ अक्षरांचा क्रमांक सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर घालून परत बोलावणी आहे का ते पाहणे. दोन मिनिटे लागतात. दोष असेल तर जाण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावा.

चार्जर नसेल तर ७० ते ८० टक्के भरून ठेवावी. शंभर नको. लिथियम बॅटरी पूर्ण भरून उन्हात महिनाभर ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. फीनिक्स-ह्यूस्टनकडच्या आपल्या मंडळींनी जूनमध्ये जाताना हे जास्त पाहावे आणि शक्यतो सावलीत लावावी. थंडीची मला वाटत होती तेवढी काळजी नाही. टेस्ला उणे ३० सेल्सिअसखाली २४ तासांपेक्षा जास्त ठेवू नका म्हणते, तेवढी थंडी आपल्याकडेही क्वचितच. पण थंडीत परत येणाऱ्यांनी घरापर्यंत पुरेल एवढ्याच विजेवर समाधान मानू नये. जानेवारी २०२४ च्या कडाक्यात शिकागोत चार्जरबाहेर तासन् तास रांगा लागल्या होत्या, गाड्या रांगेतच बंद पडल्या होत्या. ओहेअरच्या लॉटमध्ये गाडी ठेवून जाणाऱ्यांनी उतरल्यावर ४० टक्के हाताशी राहतील असे बघावे.

पेट्रोलच्या गाडीसारखे कोणाला तरी दर आठवड्याला "चालू करून ठेव" असे सांगू नये. त्याने फायदा काही नाही. पहारा बंद, आत थंडावा राखणारी सोय बंद, ॲपला हात नाही. लहान बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर जाण्यापूर्वी तपासून घ्यावी. वाहन विम्याबद्दलही एकाने विचारले, की गाडी उभीच आहे तर कमी करू का. कर्जावर गाडी असेल तर बँक करू देत नाही. आणि चोरी, गारा, उंदराने कुरतडलेल्या तारा यांचा विमा उभ्या गाडीलाच जास्त लागतो.

आणि दिवस मोजताना तिकिटावरचे मोजू नयेत, त्याच्या तिप्पट धरावेत. अमेरिकन शेजारी फ्लोरिडाला १० दिवस जातो आणि अकराव्या दिवशी परत येतो. आपले तसे नाही. आपण लग्नाला म्हणून जातो आणि तिथून निघायचे कधी, हे आपल्या हातात राहत नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा गेलो. ७८ टक्के, पहारा बंद, दुसरी चावी शेजारच्या बाईंच्या हातात, आणि ३० टक्क्यांच्या खाली गेली तर त्यांनी चार्जरला लावायची असे आधीच ठरवून. माझ्या फोनवरचे ॲप यांनी काढून टाकले. त्यांच्या फोनवर ठेवले, आणि दर रविवारी सकाळी एकदाच उघडायचे असा करार केला. बाबांना ही सगळी हकिगत तोंडपाठ झाली होती. रविवारी चहा झाला की वॉकर सरकवत ते यांच्यापाशी येऊन बसत आणि विचारत, "जावईबापू, किती टक्के?" यांनी आकडा सांगितला की तो कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहीत. चार आठवड्यांचे तिकीट शेवटी सात आठवड्यांचे झाले, कारण निघायच्या आदल्या दिवशी त्यांना ताप आला. शेवटच्या रविवारी त्यांनी लिहिलेला आकडा ६६ होता.